टायमर वाजतो, तरी तास लांबतोच: वर्गातल्या वेळेची दुरुस्ती

"बाई, वाजलं!"

तिसरीतली पहिल्या रांगेतली एक मुलगी मला दर तासाला हे सांगायची. टेबलावरचा फोन वाजत असायचा. मी त्याच्याकडे न बघताच त्यावर बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हो गं, एवढं एक उदाहरण होऊ दे." ते एक उदाहरण चार मिनिटं खायचं. मग मराठीचा तास चार मिनिटं उशिरा, परिसर अभ्यासाचा सात मिनिटं उशिरा, आणि शेवटच्या चित्रकलेच्या तासाला मुलांनी रंगपेटी उघडावी तोवर शाळा सुटल्याचा टोल. जूनपासून मी तासागणिक अलार्म लावत होते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तसूभरही फरक पडला नव्हता.

आमची शाळा द्विशिक्षकी. सरांकडे पहिली-दुसरी, माझ्याकडे तिसरी-चौथी एकाच खोलीत. तासिका ३५ मिनिटांची, दिवसाला सात. सुट्टीत टाचण वहीच्या, म्हणजे रोज काय शिकवायचं ते लिहायच्या वहीच्या, मागच्या पानावर मी एक साधा हिशोब केला. एका तासिकेतली ५ मिनिटं गळाली तर दिवसाची ३५, म्हणजे रोज एक अख्खी तासिका. शिक्षण हक्क कायदा, २००९ पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगतो. २०० दिवसांची गळती होते ७००० मिनिटं, म्हणजे ११६ तासांहून जास्त. मुलांच्या हक्काच्या वेळेतला जवळपास सातवा हिस्सा. त्यानंतर मी टायमर लावण्याची पद्धत मुळापासून बदलली. काय बिघडतं आणि ते कसं दुरुस्त होतं, ते इथे लिहिते आहे. ज्यांच्याकडे टायमर आहे, अलार्म आहे आणि तरी घड्याळ हाताला लागत नाही, त्यांच्यासाठी.

आधी बिघाड कुठला ते ओळखा

"टायमरचा उपयोग होत नाही" ही तक्रार म्हणजे "पोटात दुखतंय" म्हटल्यासारखं आहे. एकाच तक्रारीत तीन वेगळे आजार असतात. एक, टायमर वाजतच नाही किंवा भलत्या वेळी वाजतो. दोन, वाजतो पण वर्ग हलत नाही. तीन, वाजतो, वर्ग हलतो, तरी पुढचा तास उशिरानेच सुरू होतो. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. तिसऱ्या आजारावर पहिल्याचं औषध दिलं की आपण नवनवीन अ‍ॅप टाकत राहतो आणि गळती तशीच राहते. मी पाच महिने तेच केलं.

ओळखायला एक आठवडा पुरतो. टाचण वहीत प्रत्येक तासिकेपुढे दोन वेळा लिहा: गजर किती वाजता झाला, आणि पुढच्या विषयाचं पहिलं वाक्य तुम्ही किती वाजता बोललात. बाकी काही लिहू नका, कारण जास्त लिहायला गेलं की तिसऱ्या दिवशी वही सुटते. माझ्या वहीत सोमवारी पहिलीच नोंद होती: गजर ११:२५, पुढचं वाक्य ११:३४. नऊ मिनिटं! आणि त्यात मुलांचा दंगा नव्हता, की कुणी पाहुणे आले नव्हते.

टायमर वाजतच नाही

बहुतेकांचा टायमर म्हणजे खिशातला फोन, म्हणून तिथून सुरुवात करू.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारी चूक दुपारी बाराची आहे. दुपारी बारा दहाचा अलार्म लावताना एएम राहतो आणि तो मध्यरात्री वाजतो. दुपारी बारा ते एक ही वेळ पीएममध्ये येते. फोनच्या घड्याळात २४ तासांची पद्धत सुरू करा, हा गोंधळ कायमचा मिटतो. दोन वाजताची तासिका १४:०० दिसते, त्याची सवय दोन दिवसांत होते.

दुसरी जागा आवाजाची. अँड्रॉइड फोनमध्ये रिंगचा, गाण्यांचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळा असतो. बाजूचं बटण दाबून आपण वाढवतो तो बहुतेक वेळा गाण्यांचा किंवा रिंगचा. अलार्मची पट्टी सेटिंग्जमध्ये 'साउंड'खाली आहे, ती एकदा बघा. केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत फोन सायलेंट केला तरी अलार्म सहसा वाजतो. पण 'डू नॉट डिस्टर्ब' लावताना अलार्मची सूट काढलेली असेल तर मात्र तो गप्पच राहतो. आणि फोनवर बोलत असताना टायमर संपला तर बऱ्याच फोनांत तो अगदी बारीक टिकटिकतो, वर्गापर्यंत काही पोचत नाही.

तिसरी जागा बॅटरीची. बाहेरून टाकलेलं टायमरचं अ‍ॅप सुरुवातीला छान चालतं आणि काही दिवसांनी दगा देऊ लागतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. २०१५ मधल्या अँड्रॉइड ६ पासून फोन नुसता पडून असला की मागे चाललेल्या अ‍ॅपना झोपवतो. अँड्रॉइड १२ पासून तर ठरल्या क्षणी गजर देण्यासाठी अ‍ॅपला 'अलार्म्स अँड रिमाइंडर्स' अशी वेगळी परवानगी लागू शकते. फोन अपडेट झाल्यावर टायमर बिघडला असेल तर आधी ही परवानगी तपासा. मग सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या 'बॅटरी'त जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. मधल्या सुट्टीत उघडी अ‍ॅप एका झटक्यात बंद करायची सवय असेल तर त्यातही टायमर बंद पडू शकतो. माझं मत विचाराल तर बाहेरचं अ‍ॅप काढूनच टाका. फोनसोबत आलेलं घड्याळ वर्गासाठी पुरेसं आहे, आणि ते झोपवलं जात नाही.

शनिवारची सकाळची शाळा विसरू नका. सोमवार ते शुक्रवारचे अलार्म एक संच, शनिवारचा दुसरा. प्रत्येकाला नाव द्या: 'गणित आवरा', 'हात धुणे'. नुसता ११:१७ दिसला तर घाईत हा कशाचा, हे आठवत नाही.

लॅपटॉप किंवा स्मार्ट टीव्ही असलेल्या शाळांत इंटरनेटवरचे उलट मोजणीचे व्हिडिओ लावतात. रेंज गेली की आकडा गोठतो, मध्येच जाहिरात येते, आणि वर्गातल्या सगळ्या माना तिकडे वळतात. ब्राउझरमधल्या टायमरचं दुखणं वेगळंच आहे. समोर नसलेल्या टॅबमधली कामं ब्राउझर मुद्दाम मंद करतात. क्रोममध्ये २०२१ पासून पाच मिनिटं मागे पडलेला टॅब मिनिटातून एकदाच जागा होऊ शकतो. तुम्ही पुढे पाठाचं पान उघडलं आणि टायमर मागे गेला, की तो उशिरा वाजण्याची शक्यता असते. टायमर वेगळ्या खिडकीत, डोळ्यांसमोर ठेवा आणि लॅपटॉपची आपोआप झोपण्याची वेळ वाढवा.

मी स्वतः शेवटी स्वयंपाकघरातल्या टायमरवर आले. चावीचा टायमर घेतलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: ५ मिनिटं लावायची असली तरी आधी तो १०-१५ मिनिटांच्या पुढे फिरवायचा आणि मग मागे ५ वर आणायचा. थेट ५ पर्यंतच फिरवला तर आतल्या स्प्रिंगला पुरेसा पीळ बसत नाही आणि शेवटची घंटी मरगळलेली वाजते किंवा वाजतच नाही. "हा खराब निघाला" म्हणून बाजूला टाकलेले किती तरी टायमर खरं तर धडधाकट असतात. टेबलावर ठेवलात तर खाली घडी केलेला रुमाल घाला, नाहीतर लाकूड त्याची टिकटिक मोठी करतं. बॅटरीच्या टायमरला मागे लोहचुंबक असेल तर तो लोखंडी कपाटाला चिकटवा. पत्र्यामुळे आवाज भरदार होतो आणि टायमर कुणाच्या दप्तराखाली हरवत नाही.

वाजतो, पण वर्ग हलत नाही

आता खरा आजार.

माझ्या वहीतल्या नोंदींनी मला सरळ आरसा दाखवला. गजर झाल्यावर थांबत नव्हतं कोण? मी. मुलं माझ्याकडे बघत होती. बाई अजून फळ्यावर लिहिताहेत म्हणजे गजर खरा नाही, हे त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातच शिकून घेतलं होतं. पुढे मी कितीही मोठ्या आवाजाचा अलार्म लावला असता तरी त्या आवाजाचा त्यांच्या लेखी अर्थ "बाई अजून चार मिनिटं शिकवतील" एवढाच उरला होता.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी फळ्यावर हातच्याची वजाबाकी होती, ३४८ वजा १७९. ४ वर काट मारून वर ३ लिहिला होता, एककाच्या घरात १८ मधून ९ गेले, ९ उरले. ९ लिहून झाला आणि टायमर वाजला. मी खडू खाली ठेवला, दशकाचं घर रिकामं ठेवून. वर्गात क्षणभर काहीच आवाज नव्हता. मग मागून एक जण म्हणाला, "बाई, राहिलं ना अजून." मी म्हणाले, "राहू दे. उद्या गणिताच्या तासाला इथूनच." फळ्याचा तो कोपरा चौकट आखून तसाच ठेवला आणि वर 'पुसू नये' लिहिलं. मधल्या सुट्टीत पाच-सहा जण त्या चौकटीपाशी उभे होते. एक मुलगी बोटाने हवेत १३ मधून ७ वजा करत होती. दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात त्यांनीच केली, मला "काल काय शिकलो" विचारावं लागलं नाही. अर्धवट सोडलेलं उदाहरण मुलं डोक्यात घेऊन जातात, हे मला त्या चौकटीने दाखवलं.

सलग दोन आठवडे असं पाळावं लागतं. पहिल्या आठवड्यात फार जड जातं, कारण शिकवण्याच्या ओघात हात थांबत नाही. पण तुम्ही एकदा जरी "एवढं होऊ दे" म्हणालात की मुलं पुन्हा जुन्या अर्थावर येतात. स्नूझ बटण वर्गात वापरूच नका.

दुसरं कारण आवाजाचं. एकच ट्रिंग ट्रिंग सगळ्याला: तास संपला, गट बदला, पाणी प्या, प्रार्थनेला चला. कान त्याला सरावतो. आणि फोनचा आवाज मुलांना घरचा ओळखीचा असतो, तो वाजला की कुणाचा तरी फोन आला असंच वाटतं. मी आता दोन कामं वेगळी केली आहेत. गजर मला सांगतो, आणि मुलांना सांगायला शाळेतलंच वाद्य आहे. फोन खिशात थरथरतो किंवा कपाटावरचा टायमर हळू वाजतो, मग त्या आठवड्याचा वेळमंत्री, म्हणजे इशारे द्यायला नेमलेलं मूल, उठतो आणि वाजवतो. टाळ एकदा वाजला की "दोन मिनिटं राहिली". झांज वाजली की "हातातलं खाली". लेझीमची एक झणकार म्हणजे "जागा बदला". तिन्ही वस्तू शाळेत होत्याच, २६ जानेवारीच्या कवायतीनंतर वर्षभर पेटीत पडून असायच्या. वेळमंत्री आमच्या बालमंत्रिमंडळात नव्याने घातला. वर्गात कधी न बोलणाऱ्या एका मुलाला पहिल्यांदा नेमलं. तो झांज वाजवण्याआधी प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून मान हलवतो, मी हलवली की मगच वाजवतो.

जोडवर्गात याचा आणखी एक फायदा. तिसरीला शिकवत असताना चौथी स्वयंअध्ययनाला बसलेली असते. फोन मोठ्याने वाजला तर दोन्ही इयत्ता मोडतात. चौथीचा इशारा टाळाचा आणि तिसरीचा घुंगरांचा असं ठरवल्यावर ज्याचा त्याला कळतो, दुसऱ्याचं लिहिणं थांबत नाही. स्वयंअध्ययनाला मी १२ मिनिटांच्या वर टायमर लावत नाही. त्यापुढे अडलेलं मूल उठून माझ्याकडे येतं आणि तिसरीचा धागा तुटतो. मध्येच अडलं तर पाटी पालथी घालून पुढचं उदाहरण घ्यायचं, असा नियम आहे. टाळ वाजला की मी आधी पालथ्या पाट्यांकडे जाते.

वाजतो, वर्ग हलतो, तरी उशीर

हा बिघाड सगळ्यात लपलेला, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. आपण ३५ मिनिटांच्या तासाला ३५ व्या मिनिटाचा अलार्म लावतो. पण त्या क्षणी पुढच्या विषयाचं पहिलं वाक्य यायला हवं असतं. वह्या मिटणं, गोळा करणं, गृहपाठ उतरवणं, पुढचं पुस्तक काढणं, ही सगळी कामं मग गजरानंतर होतात. गजर वेळेवर असतो, पण चुकीच्या जागी लावलेला असतो.

तो कुठे लावायचा ते कळण्यासाठी टायमर बाजूला ठेवा आणि आधी स्टॉपवॉच हातात घ्या. मी एक दिवस गुपचूप मोजलं. "गणिताची वही काढा" म्हटल्यापासून शेवटच्या मुलाची पेन्सिल पहिल्या आकड्यावर टेकेपर्यंत ६ मिनिटं १० सेकंद. इतकी? दुसऱ्या दिवशी नुसतं बघत बसले. वह्या अर्ध्या मिनिटात निघाल्या. वार आणि दिनांक एका मिनिटात. बाकीचा सगळा वेळ समास आखण्यात जात होता. एका बाकावर तिघं आणि पट्टी एक. पहिली आखते, दुसऱ्याला देते, तिसरा टोक काढायला उठतो. मी रोज "लवकर, लवकर" म्हणत होते आणि अडलं होतं पट्टीपाशी.

त्या दिवसापासून समास शनिवारी शेवटच्या तासाला, आठवड्याभराच्या पानांचे एकदम आखले जातात. गणिताची सुरुवात दोन मिनिटांवर आली. टायमरची सेटिंग मी काहीच बदलली नव्हती.

वही गोळा करणं असंच मोजलं. २३ मुलं एकेक करून टेबलाशी आली तर चार मिनिटं. मागच्या बाकावरून पुढे सरकवत आणली तर ५० सेकंद. गृहपाठ शेवटी सांगितला तर घाईत अर्धा उतरतो, म्हणून तो आता तासाच्या सुरुवातीलाच फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेला असतो.

एवढं मोजल्यावर माझ्या तासिकेचा हिशोब असा बसला: पहिली २ मिनिटं सुरुवात, १३ मिनिटं शिकवणं, १२ मिनिटं मुलांचं लिहिणं किंवा गटकार्य, ५ मिनिटं बघणं-बोलणं, ३ मिनिटं आवराआवर. खिशातला पहिला इशारा १५ व्या मिनिटाला, कारण माझं बोलणं तिथे थांबायला हवं. टाळ ३० व्या मिनिटाला, झांज ३२ व्या. ३५ ला काहीच वाजत नाही, तेव्हा पुढचा विषय सुरू झालेला असतो. तुमच्या वर्गाचे आकडे वेगळे येतील. पहिलीला आवरायला पाच मिनिटं लागतील, सातवीला एक. दुसऱ्याचे आकडे उचलू नका, मोजून घ्या.

मधल्या सुट्टीलाही हेच. पूर्वी सुट्टी संपल्याचा टोल व्हायचा आणि मग ताटं धुण्याची रांग लागायची. आता सुट्टी संपायच्या ७ मिनिटं आधी एक टाळ वाजतो, हात आणि ताटं तेव्हाच धुतली जातात. भात शिजायला उशीर झाला तर मात्र अलार्मचा आग्रह धरत नाही. पोटात अन्न जाण्याआधी कुठलीच झांज वाजवू नये. त्या दिवशी दुपारची एक तासिका आखूड करते. केरळमधल्या शाळांत २०१९ साली पाणी पिण्याची घंटा सुरू झाली. त्यावरून आम्ही पावणेबारा आणि तीन वाजता दोन पाणी-टाळ ठेवले. "बाई, पाणी पिऊन येऊ?" म्हणत एकेकाने उठणं पुष्कळ कमी झालं.

सर प्रशिक्षणाला किंवा मतदार यादीच्या कामाला गेले की चारही इयत्ता माझ्याकडे येतात. त्या दिवशी वरचं सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. मी दिवसभरात तीनच इशारे ठेवते: सुट्टीआधीचा, पाण्याचा आणि सुटण्याआधीचा. पंधरा इशारे लावून एकही न पाळण्यापेक्षा तीन पाळलेले बरे. नाहीतर दोन आठवडे कमावलेला झांजेचा अर्थ एका दिवसात जातो.

टायमरनं मुलं बिथरतात

चौथीतला एक मुलगा आकडे उलटे पळताना दिसले की लिहायचं सोडून देत असे. "माझं होणारच नाही" असं पुटपुटायचा. सेकंद दाखवणारा पडदा लहान मुलांसमोर ठेवू नये, या मताची मी त्याच्यामुळे झाले. पळणारा आकडा डोळे ओढून घेतो. ज्यांना घड्याळ नीट येत नाही त्यांना ०७:४३ मधून काही कळतही नाही. त्यांना "किती उरलं" हे दिसायला हवं. अमेरिकेतल्या ओहायोतल्या जॅन रॉजर्स यांनी १९९० च्या दशकात आपल्या लहान मुलीसाठी नेमकी अशी सोय केली. तबकडीवर लाल भाग, आणि वेळ सरेल तसा तो लाल भाग आटत जातो. 'टाइम टायमर' या नावाने ते विकत मिळतं, पण महाग पडतं.

आम्ही जुनं भिंतीवरचं घड्याळ मुलांच्या उंचीवर टांगलं आणि लाल पतंगी कागदाच्या फोडी कापल्या. मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो, म्हणून १० मिनिटांची फोड ६० अंशांची, १२ मिनिटांची ७२ अंशांची. काम सुरू करताना काटा असेल तिथून पुढे फोड काचेवर पाण्याच्या थेंबाने चिकटवायची. काटा लाल भागातून बाहेर पडला की वेळ झाली. कोनमापक घेऊन फोडी चौथीनेच आखल्या. त्या मुलाला आता कुणी काही सांगत नाही, तो मान वर करून लाल किती उरलं बघतो आणि पुन्हा लिहितो. मोठ्या आवाजाला दचकणारी, कान झाकून घेणारी मुलं असतील तर त्यांच्या वर्गात अचानक वाजणारा कुठलाही गजर नको. आधी दिसणारी खूण आणि मग मऊ आवाज.

फोडींच्या कामातून एक गोष्ट निघाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेळ मोजण्याच्या जुन्या पद्धती सांगताना मी मुलांना "घटका भरली" असं का म्हणतात ते सांगितलं. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेलं पात्र तरंगत ठेवायचं, ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. लग्नाचा मुहूर्त त्यावर धरायचे. झालं, मुलांना ते करायचंच होतं. डोळे असलेली नारळाची अर्धी करवंटी आणली, उघड्या डोळ्यात मेण भरलं आणि दाभणाने भोक पाडलं. बादलीत ती तीन मिनिटांत बुडाली. नवं मेण भरून गोधडीच्या सुईने पाडलं, तर आठ मिनिटांच्या आसपास. एकदा बुडेचना, बघितलं तर भोकात कचरा अडकला होता. तेव्हापासून पाणी फडक्याने गाळून घेतो. गटकार्याला आता ही करवंटी ओसरीच्या दाराशी असते. बुडताना 'डुबुक' असा इतका लहान आवाज होतो की तो ऐकायला वर्ग आपोआप हळू बोलतो. आणि करवंटीशी "अजून दोन मिनिटं द्या ना" म्हणून कुणी हुज्जत घालत नाही.

टायमर कुठे लावू नये, तेही लिहायला हवं. मूल प्रकट वाचन करत असेल, गोष्ट सांगत असेल, किंवा दोघांत "हे उत्तर बरोबर कसं" यावर वाद रंगला असेल, तिथे झांज वाजवायची नाही. वेळमंत्र्याला हे आधीच सांगितलेलं आहे, म्हणूनच तो माझ्याकडे बघून विचारतो. आणि प्रश्न विचारल्यावर तर उलटा टायमर लागतो, शिक्षकासाठी. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. थांबणं ३ सेकंदांवर नेलं तर उत्तरं मोठी येतात आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. मी प्रश्न विचारला की मनात "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल" मोजते. वेळ वाचवायच्या नादात हे तीन सेकंद कापू नका.

आज वहीत बघितलं तर दोन तासिकांमधलं अंतर बहुतेक दिवशी एक-दोन मिनिटांवर आलं आहे, आणि चित्रकलेच्या तासाला रंग वाळेपर्यंत वेळ मिळतो. एक तासिका मात्र अजून हाती लागलेली नाही, मधल्या सुट्टीनंतरची पहिली. ताटं वेळेत धुतली जातात, मुलं वेळेत वर्गात येतात, तरी पहिलं वाक्य बोलायला मला चार मिनिटं उशीर होतोच. गेले दोन दिवस स्टॉपवॉच घेऊन बघते आहे. माझा संशय दाराशी काढलेल्या चपलांच्या ढिगावर आहे. सोमवारपासून ओसरीवर खडूने २३ चौकोन आखणार आहोत.